पहिल्या पटावरची बरोबरी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी क्रीडाभवनाच्या मागच्या जिन्याखाली एका वृद्धाचा मृतदेह सापडला. डोक्याची मागची बाजू फुटली होती. कोटाची दोन बटणं धाग्यासकट तुटून सगळ्यात वरच्या पायरीवर पडली होती.

मृताला सगळे गुरुजी म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी बुद्धिबळ शिकवलं. देह सापडला तेव्हा वर पहिल्या मजल्यावर त्यांचे दोन शिष्य स्पर्धेचा शेवटचा डाव खेळत होते. त्यातला एक त्यांचा जावई होता.

खालून मुख्य पंचांना निरोप गेला. त्यांनी डाव थांबवला नाही. थोड्याच वेळात डाव बरोबरीत सुटला आणि मगच त्यांनी जावयाला बाजूला घेऊन बातमी सांगितली.

संध्याकाळी पोलिसांनी गुरुजींच्या मुलाला अटक केली.

सोमवारी सकाळी गुरुजींची मुलगी वहिनींच्या कचेरीत आली. खासगी तपासाची ही कचेरी मूळची वहिनींच्या यजमानांची. ते गेल्यावर वहिनींनी ती चालवली, आणि निवृत्त दंतवैद्य असलेला त्यांचा दीर मदतीला येऊन बसू लागला. तो चारचौघांत ‘वहिनी’ अशी हाक मारी, म्हणून अशील, पोलीस, सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले. त्याला सगळे भावजी म्हणत.

“माझ्या भावाने बाबांना ढकललं नाही,” ती बसायच्या आधीच म्हणाली.

“बसा आधी. पोलीस काय म्हणतात?”

“त्याने दुपारी जिन्यावर बाबांशी भांडण केलं, ते गल्लीतल्या दुकानदाराने ऐकलं. भाऊ साडेतीनच्या सुमाराला तिथून निघाला, असंही दुकानदार सांगतो. त्यानंतर जिन्याकडे कुणी गेलेलं दुकानदाराने पाहिलं नाही. म्हणजे शेवटचा माणूस तोच.”

“भांडण कशावरून?”

“नेहमीचंच. माझ्या भावाचा हात आमच्या सगळ्यांत चांगला होता. विसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. बाबा त्याला ‘वाया गेलेलं बियाणं’ म्हणायचे. शनिवारी तो त्यांच्या गोळ्या द्यायला गेला, आणि बाबांनी पुन्हा तेच काढलं.”

“गुरुजी जिन्यावर काय करत होते?”

“शिष्याचा डाव चालू असला की त्यांना बघवायचं नाही. थोडा वेळ बघायचे, मग उठून मागच्या जिन्यावर जाऊन बसायचे. कुठलंही सभागृह असो. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“मला, भावाला, माझ्या नवऱ्याला, लांब्याला. आम्ही चौघं त्यांच्याकडे एकत्र शिकलो.”

भावजी खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे ज्यांना सगळे ‘भिंत’ म्हणतात, ते खेळाडू तुमचे यजमान? आणि समोर लांब्या! वहिनी, या दोघांचे डाव मी पेपरातून कापून ठेवतो.”

“दात काढायचं सोडलंत, कात्री काही सुटली नाही,” वहिनी म्हणाल्या. मग त्या मुलीकडे वळल्या. “एक सांगते. मी तपास सुरू केला की तो तुमच्या भावाला सोडवून तिथेच थांबेल, असं नाही. तो जाईल तिकडे जाईल.”

“भाऊ सुटला पाहिजे,” ती म्हणाली. “बाकी मला काही नको.”

क्रीडाभवनाच्या पहिल्या मजल्यावरचं सभागृह लांबट होतं. टेबलं अजून जागच्या जागी होती. पोलिसांनी खोली बंद ठेवल्याने पट आवरले गेले नव्हते. पहिल्या टेबलावर मोहरे पुन्हा आपापल्या घरात मांडले होते आणि पटाशेजारी दोन जादा वजीर उभे होते, एक पांढरा, एक काळा.

मुख्य पंच सडपातळ, नीटनेटके गृहस्थ होते. रुमालाने चष्मा पुसत ते बोलत.

“हे दोन जास्तीचे कशाला?” वहिनींनी विचारलं.

“प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं. शोधाशोध नको म्हणून प्रत्येक पटाशेजारी दोन ठेवतो.”

भावजींनी काळा वजीर भक्तिभावाने उचलून परत ठेवला. तो डुगडुगला. “पहिल्या पटाला तरी धड संच ठेवायचा,” ते पुटपुटले. वजिराच्या बुडाची कड एका बाजूला चेपली होती.

“शुक्रवारी मी स्वतः तपासला होता. नवा संच आहे,” पंच दुखावून म्हणाले.

वहिनींनी वजीर हातात घेऊन खिडकीपाशी नेला, पाहिला आणि जागेवर ठेवला. मग त्या इतर टेबलांवरून फिरून आल्या.

“शनिवारी इथे कोण होतं?”

“शेवटी शेवटी फक्त हे दोघे आणि मी. बाकीचे पट लवकर आटोपले. प्रेक्षक खालच्या दालनात असतात, तिथे पडद्यावर डाव दिसतो. फक्त पट दिसतो, खेळाडू नाही.”

“गुरुजी खालीच होते?”

“आधी होते. मग ते वर या दाराशी आले. एरवी शांत माणूस, पण चेहरा लाल झाला होता. म्हणाले, ‘डाव संपला की समिती बसवा. मला बोलायचंय.’ मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाले, ‘समितीसमोरच सांगेन.’ आणि गेले.”

“हे कुणी ऐकलं?”

“लांब्याने ऐकलं असेल. तो तिथेच पाणी पीत उभा होता.”

“मग?”

“मग तो पटावर आला, त्याने चाल केली आणि पुढे वाकून भिंतीला काहीतरी म्हणाला. खेळताना बोलायला बंदी आहे. बरोबरी विचारायची तेवढी मुभा असते, पण या स्पर्धेत चाळीस चालींच्या आत तीही नाही. पाटीच लावलीय.” त्यांनी भिंतीवर बोट दाखवलं. “मी जवळ गेलो तोवर लांब्या उठून गेला होता. मी भिंतीला ती पाटी दाखवली. त्याने मान डोलावली.”

“वाईट नियम,” भावजी म्हणाले. “दोन मोठे खेळाडू राजी असताना—”

“लोक तिकीट काढून येतात, साहेब. दहा चालींत हात मिळवून घरी गेले तर त्यांनी काय बघायचं?”

“लांब्या कुठे गेला?” वहिनींनी विचारलं.

“चहाच्या कोपऱ्यात. त्या पडद्यामागे. समोरच्याची चाल असली की खेळाडू पाय मोकळे करतात, त्यात वावगं काही नाही. आणि त्या दिवशी तर भिंतीने तेविसाव्या चालीला अर्ध्या तासाच्या वर विचार केला. मीसुद्धा बघत राहिलो. दगडासारखा बसला होता.”

“आणि लांब्या परत आला कधी?”

“तो येऊन बसला आणि भिंतीने चाल केली. मग भराभर पाचसहा चाली झाल्या. तीच स्थिती तीनदा आली, बरोबरी.”

“त्या वेळी खालची बातमी त्यांना कळली होती?”

“नाही, नाही. मी कुणालाच सांगितली नव्हती.”

“डाव संपल्यावर दोघे काय बोलले?”

पंचांनी चष्मा पुसायचा थांबवला. “काही नाही. सह्या केल्या, एक एका दाराने गेला, दुसरा दुसऱ्या.”

“याचं मात्र नवल आहे,” भावजी म्हणाले. “वहिनी, डाव संपला की खेळाडू तासतास तोच डाव पुन्हा मांडून बसतात. इथे असं खेळला असतास तर, तिथे तसं. मारामारी झालेली असली तरी बसतात.”

पडद्यामागे एक टेबल, चहाची टाकी, कप आणि एक हिरवं लोखंडी दार होतं. आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार. आतला दांडा ढकलला की ते उघडे. वहिनी बाहेर गेल्या, आणि दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं. बाहेरून मूठच नव्हती. भावजींनी आतून उघडेपर्यंत त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. खाली फरशीवर खडूची रेघ अजून दिसत होती.

“थंडी आहे हो,” भावजी म्हणाले.

“दाराच्या चौकटीची खालची बाजू बघा.”

“रंग उडालाय. सगळीकडेच उडालाय.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

पोलीस ठाण्याच्या भेटीच्या खोलीत गुरुजींचा मुलगा मान खाली घालून बसला होता. नखांत काळं वंगण होतं. तीन दिवस दाढी झाली नव्हती.

“मी त्यांना बसलेलं सोडून निघालो,” तो म्हणाला. “शेवटचं वाक्य त्यांचं होतं. नेहमीसारखंच.”

“ते डावाबद्दल काही बोलले?”

“माझ्याशी? माझ्याशी ते डावाबद्दल बोलत नसत. पण चिडले होते. मी गोळ्या दिल्या तर म्हणाले, ‘तू उघड पळून गेलास, तू बरा.’ मला वाटलं, टोमणा आहे.”

वहिनींनी भावजींना खूण केली. भावजींनी खिशातला छोटा पट काढला आणि वर्तमानपत्राच्या कात्रणावरून शनिवारचा डाव मांडायला सुरुवात केली. मुलगा आधी दुसरीकडे बघत होता. सातव्या-आठव्या चालीला त्याने मान वळवली.

भावजी कात्रणात पुढची चाल शोधत होते, तोवर त्याने बोटाने काळा घोडा पुढे सरकवला. “इथे.”

“बरोबर,” भावजी चकित झाले. “पेपर वाचलात वाटतं?”

“इथे कुठला पेपर?” तो हसला, पण हसू टिकलं नाही. त्याने पुढची चाल केली, त्याच्या पुढचीही. पांढऱ्याची, काळ्याची, एकामागून एक. भावजी कात्रणाशी ताडून बघत होते. चूक एकही नव्हती.

“मग काळा हत्तीचा बळी देतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि वजिराचा शह. मध्ये घालायला काही नाही, वजीर मारता येत नाही. राजाला एकच घर, कोपऱ्यातलं. पुन्हा शह. पुन्हा मागे. असंच चालू राहतं.”

“वा!” भावजी म्हणाले. “हा मेंदू चाकांची पंक्चरं काढतोय!”

मुलाने मोहऱ्यांवरून हात काढला. त्याचा चेहरा उतरला होता.

“हा डाव शनिवारचा आहे? नक्की?”

“पहिल्या पटावरचा.”

तो वहिनींकडे बघून म्हणाला, “माझं जे व्हायचं ते होऊ दे. ताईला यातलं काही सांगू नका.”

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, “बिचारा. भांडणातलं ते शेवटचं वाक्य बहिणीला कळू नये, एवढंच त्याला वाटतं.”

“तुमचं मन फार चांगलं आहे, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

लांब्या खानावळीच्या वरच्या खोलीत राहत होता. साडेसहा फुटांचा माणूस. दारातून येताना वाकायची सवय इतकी, की मोकळ्या जागेतही वाकलेलाच. खोलीत सामान बांधून ठेवलं होतं. बरोबरीमुळे त्याला राष्ट्रीय संघात जागा मिळाली होती.

“गुरुजी माझ्या बापाच्या ठिकाणी होते,” तो म्हणाला.

“पंचांना ते जे बोलले, ते तुम्ही ऐकलं?”

“नाही. मी डावात होतो.”

“तेविसाव्या चालीला तुम्ही पटावरून उठलात.”

“त्याची चाल होती. मी काय त्याच्या तोंडाकडे बघत बसू? चहा घेतला.”

“अर्धा तास?”

“दोन कप घेतले.”

“मागचं दार उघडलंत? वारा खायला?”

“उघडलं असतं तर परत कसा येणार? बाहेरून उघडत नाही ते.” त्याने लगेच पुढे जोडलं, “असं ऐकलंय.”

“वाकून काय म्हणालात त्यांना?”

“बरोबरी विचारली. नियम विसरलो.”

भिंत घरी भेटला. गुरुजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, हे त्याचं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. भिंत खिडकीशी बसला होता. त्याचा बचाव कुणाला फोडता येत नाही, म्हणून खेळाडूंनी त्याला हे नाव ठेवलं होतं. तो बोलतानाही आधी थांबे.

“तुम्हाला जिंकायचं होतं?” वहिनींनी विचारलं.

“बरोबरी पुरत होती. अर्धा गुण मिळाला की पहिला क्रमांक.”

“तेविसाव्या चालीला कसला विचार करत होतात?”

तो थांबला. “पुढच्या दहा चालींचा.”

“ऐकलंत?” भावजी वहिनींना म्हणाले. “आपण भाजी कुठली करायची याचा विचार करतो, हे दहा चालींपुढचं बघतात.”

“लांब्या काय म्हणाला तुम्हाला?”

“बरोबरी मागितली.”

“तुमचे सासरे जिन्यावर असतील, हे तुम्हाला माहीत होतं?”

आतून कपांचा आवाज येत होता. भिंतीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “ते नेहमीच तिथे असत,” तो म्हणाला.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. वहिनींनी भावजींना पुढे जायला सांगितलं.

“तुमचा भाऊ सुटेल,” वहिनी म्हणाल्या. “उद्या सगळ्यांना क्रीडाभवनात बोलावते. तुम्ही आला नाहीत तरी चालेल.”

“का?”

“आज रात्री अजून थांबता येईल. उद्या सकाळी मी बोलायला लागले की नाही.”

मुलीने मागे वळून घराकडे पाहिलं. खिडकीशी भिंत तसाच बसलेला दिसत होता.

“थांबलात तर भावाचं काय?”

“त्याच्याविरुद्धचा पुरावा फाशी देण्याइतका नाही. पण तुरुंगात सडवण्याइतका आहे.”

“मग बोला,” ती म्हणाली. “मी येईन.”

सकाळी सभागृहात निरीक्षक, पंच, दोन्ही खेळाडू आणि गुरुजींची मुलगी हजर होते. वहिनींनी खेळाडूंना शनिवारी बसले होते तसं बसायला सांगितलं. लांब्या कुरकुरला. भिंत मुकाट्याने बसला. भावजींनी कात्रण बघून तेविसाव्या चालीपर्यंतचा डाव मांडला.

“मला हा खेळ येत नाही,” वहिनी म्हणाल्या. “घोडा अडीच घरं का चालतो, हे भावजींनी मला पंचवीसदा सांगितलंय, मी पंचवीसदा विसरलेय. म्हणून मी पंचांनाच विचारते. लांब्याने शह दिलाय. आता पांढऱ्याला किती चाली करता येतात?”

पंच पटावर वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

“एक,” ते म्हणाले.

“एकच?”

“नियमात बसणारी एकच. राजा कोपऱ्यात.”

“या एका चालीवर तुम्ही सगळ्यांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ विचार करणारा माणूस पाहिलात. तुम्ही पाहिलंत, खाली प्रेक्षकांनी पडद्यावर थांबलेला पट पाहिला, वर्तमानपत्रात छापून आलं. मोठा खेळाडू आहे, म्हणजे काहीतरी मोठं बघत असणार! आमच्या भावजींनाही तसंच वाटलं. घरात एखादा पोर तोंडात घास धरून अर्धा तास बसला, तर आई विचारते, बाळा, काय झालं? इथे कुणी विचारलं नाही.”

भावजी पटाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

भिंत शांतपणे म्हणाला, “चाल एकच होती, मान्य. पण त्याने बरोबरी मागितली होती. मी ती घ्यावी की नाही, याचा विचार करत होतो.”

“तुम्हाला बरोबरीच हवी होती. तुम्हीच सांगितलंत. शिवाय चाळीस चालींच्या आत बरोबरी मागताही येत नाही, देताही येत नाही. नियम विसरला असाल, तर पंचांनी तुम्हाला ती पाटी दाखवली. तुम्ही मान डोलावलीत. विचार करायला शिल्लक काय होतं?”

भिंतीने नजर पटावर वळवली.

“समोरच्याची चाल असेपर्यंत खेळाडूला पटापासून दूर राहता येतं, आणि कुणी त्याला शोधत नाही,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही चाल केली असतीत, तर लांब्याचं घड्याळ सुरू झालं असतं. पंचांनी त्याला हाक मारली असती. तो जागेवर नाही, हे कळलं असतं. म्हणून तुम्ही चाल केली नाहीत. तो येऊन बसला आणि त्याच क्षणी तुमचा विचार पूर्ण झाला.”

“मी चहा पीत होतो,” लांब्या म्हणाला.

वहिनींनी पटाशेजारचा काळा वजीर उचलून निरीक्षकांसमोर धरला. “याच्या बुडाची कड चेपलीय. शुक्रवारी पंचांनी तपासला तेव्हा तो धड होता. चेपलेल्या जागी हिरवा रंग घुसलाय. इतर सगळ्या पटांवरचे वजीर मी बघितले, ते सरळ उभे राहतात. पडद्यामागचं दार बाहेरून उघडत नाही. ज्याला परत यायचंय, त्याला फटीत काहीतरी अडकवावं लागतं. दगड शोधायला वेळ नव्हता. हाताशी होता तो हा.”

निरीक्षक दाराशी जाऊन चौकट बघून आले. वजीर त्यांनी रुमालात गुंडाळला.

“गुरुजींच्या मुलाला हा वजीर मिळूच शकत नव्हता,” वहिनी म्हणाल्या. “तो खालून आला आणि खालून गेला. दुकानदाराने नंतर कुणाला पाहिलं नाही, हे खरंच आहे. मारणारा गल्लीतून आलाच नाही. तो वरून आला. बटणं वरच्या पायरीवर पडली होती, या दारापासून दोन पावलांवर.”

“पण का?” पंच म्हणाले. “त्यांनी वाढवलं या दोघांना!”

“म्हणूनच. पहिल्या चालीपासून हा डाव ठरलेला होता. एकाला पहिला क्रमांक हवा, दुसऱ्याला संघातली जागा. दोघांना बरोबरी पुरत होती, पण चाळीस चालींच्या आत हात मिळवता येत नव्हते. म्हणून त्यांना असा डाव हवा होता, जो आपोआप बरोबरीत संपतो आणि दिसतो मात्र घनघोर. नवा रचायला धोका होता. दोघांना झोपेतही पाठ असलेला एक डाव होता. गुरुजींनी या चौघांच्या लहानपणी तो त्यांच्याकडून घोटून घेतला होता.”

मुलगी जागेवरून उठली. ती टेबलापर्यंत आली आणि तिने पटाकडे पाहिलं. तोवर तिने तो पाहिला नव्हता. डाव ओळखून तिने फक्त मान डोलावली.

“तुमच्या भावाने काल तो न बघता मांडला,” वहिनी तिला म्हणाल्या. “मांडता मांडता त्याच्या लक्षात आलं, की यात दोघे आहेत, आणि दुसरा कोण. तुम्हाला सांगू नका म्हणाला. तुमचा संसार वाचवायला तो आत राहायला तयार होता.”

मुलगी नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि वहिनी पंचांकडे वळल्या.

“गुरुजींनी तो खालच्या पडद्यावर ओळखला. समिती मागितली. ठरवून खेळलेल्या डावाला शिक्षा काय, पंच?”

“आयुष्यभराची बंदी. दोघांना.”

“लांब्याने दाराशी ते ऐकलं. परत येऊन शह दिला, वाकून दोन शब्द बोलला आणि काळा वजीर घेऊन गेला. गुरुजी कुठे बसलेले असणार, हे शोधावं लागणार नव्हतं. परत आल्यावर दोघांनी उरलेल्या चाली केल्या, सह्या केल्या आणि पाठ फिरवली. या डावात मागे वळून चर्चा करण्यासारखं दोघांकडे काही नव्हतं.”

लांब्याच्या लांब हातांनी टेबलाची कड धरली होती.

“मी पाया पडलो त्यांच्या,” तो म्हणाला. आवाज अगदी बारीक निघाला. “म्हटलं, उद्या सांगा, परवा सांगा, आज नको. ते उठले. म्हणाले, बाजूला हो. मी कोट धरला. मी फक्त धरला होता. त्यांनी हिसडा दिला…”

“आणि खाली जाऊन बघितलंत?” निरीक्षकांनी विचारलं.

लांब्या एकदम भिंतीकडे वळला. “याला विचारा ना! मी एकटाच आहे का? हा बसला म्हणून मी गेलो. याने चाल केली असती तर मला परत यावं लागलं असतं!”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्याची बायको त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

“काय म्हणाला होता तो तुम्हाला?” निरीक्षकांनी विचारलं.

भिंत थांबला.

“‘थोडा वेळ दे,’” तो म्हणाला. “एवढंच.”

“कशासाठी, ते तुम्हाला माहीत होतं?”

निरीक्षकांनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, मग तिसऱ्यांदा. लांब्याला पुढच्या दाराने खाली नेण्यात आलं.

गुरुजींच्या मुलाला त्याच दिवशी दुपारी सोडण्यात आलं. बहीण ठाण्याबाहेर उभी होती. तो तिच्याशी न बोलता तिच्या शेजारी चालत राहिला.

लांब्याने तेव्हापासून दोन जबाब दिले आहेत. पहिल्यात तो म्हणतो, भिंतीला काही ठाऊक नव्हतं. गुरुजींची समजूत घालायला जातोय, एवढंच तो समजला असावा. दुसऱ्यात म्हणतो, परत येऊन बसल्यावर भिंतीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं समजून चाल केली. खाली माणूस जिवंत होता की नव्हता, हे त्या वेळी दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणीच विचारलं नाही. वैद्यकीय अहवालात असं लिहिलंय की गुरुजींचा जीव पडल्याबरोबर गेला नाही. वेळेत कुणी पोचलं असतं तर काय झालं असतं, याबद्दल अहवालात काही नाही.

खुर्चीत बसून राहणं हा गुन्हा ठरत नाही, असं सरकारी वकिलांचं म्हणणं आहे. भिंतीवर खटला भरायचा की नाही हे एकाच गोष्टीवर ठरेल: शनिवारी तो घरी आला, तेव्हा त्या अर्ध्या तासाबद्दल त्याने बायकोला काय सांगितलं. घरात तेव्हा ती दोघंच होती.

निरीक्षकांनी तिला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा ती आली, बाकावर बसली, पाणी प्याली. जबाब तिने अजून दिलेला नाही.